म्हाताऱ्याच्या कंबरेपर्यंत पाणी

आमच्या पेठ गावात पाण्याची भीती कुणाला नाही. पाणी नसण्याची आहे, पण ती वेगळी. आमच्याकडे माणसं भितात ती हायवेला. नाशिककडून भरधाव ट्रक येताना दिसला की शाळकरी पोर असो की सरपंच, जो तो जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो, आणि जाऊ का म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की या आषाढात मी ज्या वाडीत राहून आले, तिथे विचारल्याशिवाय कुणी पलीकडे पाऊल टाकत नाही.

मला तिथे नेलं विलासदादाने. दादा माझा मावसभाऊ. पाटबंधारे खात्यात पाणी मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनं करतात, नातवंडं खेळवतात. हा डोंगरातल्या ओढ्यांवर पट्ट्या बसवत फिरतो. पट्टी म्हणजे रंगवलेला लोखंडी पत्रा, खाली हिरवा, मध्ये पिवळा, वर तांबडा. जिथून माणसं पायी ओढा ओलांडतात त्या उताराशी ती खडकात ठोकायची. पाणी पिवळ्याला लागलं की जपून, तांबड्याला लागलं की घरी बसायचं. मागे डिंगोऱ्याच्या बाजूला अशी एक पट्टी बसवून आला तो गुडघा धरूनच. तेव्हा वहिनीने फर्मान काढलं, की यापुढे एकट्याने जायचं नाही.

मंचरच्या शाळेतली माझी क्लार्कची नोकरी संपली आहे, आणि घरात मी एकटी. दादा म्हणाला, "शकू, चल. तुझी बडबड ऐकून तिथल्या खेकड्यांचीही करमणूक होईल." मी म्हटलं, तुझ्या गुडघ्यापेक्षा माझी जीभ अजून धड आहे, आणि पिशवी भरली.

डिंभ्याच्या पुढे

रस्त्याचं वर्णन करत नाही. खड्ड्यांचं काय वर्णन करायचं! घोडेगाव सोडलं की हवेला ओल येते, आणि डिंभ्याला धरणाची भिंत दिसली की आपण आपल्या मुलखातून बाहेर पडलो हे कळतं. तिथे चहाला थांबलो. टपरीच्या पत्र्याखाली एसटीची वाट बघणारी माणसं दाटीने बसली होती. एसटी कधी येणार, असं मी विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "येल की. काल न्हाई आली, म्हंजी आज येलच."

शेजारी एक मासेवाला ओलं जाळं झटकत उभा होता. दादाच्या जीपमधली रंगीत पट्टी बघून त्याने विचारलं, "ही कुठं बसवायची, भाऊ?" दादाने वाडीचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही; का, ते पुढे कळेल. मासेवाल्याचा हात थांबला.

"मागल्या साली तितला एक गवंडी गेला ओढ्यात," तो म्हणाला. "तरणा मानूस. हितं धरणाच्या पाण्यात घावला. मीच बगितला पयला. तवापासनं त्या अंगाला जाळं टाकत न्हाई मी."

दादाने चहाचा पेला तसाच खाली ठेवला. काचेबाहेर डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. एरवी मी गाडी थांबवायला लावून फोटो काढले असते.

उतार

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे मोठं गाव आहे. शाळा, रेशनचं दुकान, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं तिथे. वाडी ओढ्याच्या पलीकडे. साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, मंजूर आहे असं सगळे सांगतात. कधी होणार ते कुणी सांगत नाही. आम्हाला न्यायला धर्माबाबा आले होते. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. त्यांच्याच घरी आमची राहण्याची सोय होती. त्यांनी पट्टी खांद्यावर घेतली आणि आम्ही उताराशी आलो.

ओढा म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडे ओढा म्हणजे बाभळी आणि त्यांच्या काट्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. हा ओढा दिसायच्या आधी छातीत ऐकू येत होता. रुंदी म्हणाल तर आमच्या हायवेएवढी, पाणी नितळ, तळाचे गोटे दिसत होते आणि ते गोटे हलत होते.

पलीकडच्या काठाला, पाण्याच्या कडेशी एक उभा धोंडा होता, बसलेल्या माणसाएवढा. डोक्याला शेंदूर, मध्यावर चुन्याचा आडवा पट्टा, खाली सिमेंटचा नीटस ओटा.

"कुठला देव हा?" मी विचारलं.

"देव न्हाई, ताई. म्हातारा," धर्माबाबा म्हणाले. "त्याचं पाय भिजलं की बायांनी डोक्याव वझं घिऊन यायचं न्हाई. मांड्या भिजल्या की पोरांनी यायचं न्हाई. आन कंबरंचा पट्टा भिजला की कुनीच न्हाई. मंग पल्याड घर का जळंना."

म्हाताऱ्याजवळ एक माणूस घोंगडी पांघरून बसला होता. त्याचं नाव सीताराम. धर्माबाबांनी एक हात सरळ वर केला. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून हे हाताचं विचारणं. सीतारामने आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, आणि मग आपला हात वर केला. म्हणजे या. दोन्ही हात आडवे केले असते तर थांबा. पावसाळाभर एकेका घराकडे आठवडाभर ही राखण असते, आणि ज्याची राखण त्याचा शब्द. त्यावर वाद नाही. "सुनंची राखन आसली तर सासऱ्यानंबी इचारायचं," धर्माबाबा म्हणाले. सासऱ्याने सुनेची परवानगी घ्यायची, असं एक ठिकाण आमच्या पेठमध्ये असतं तर मी रोज डबा घेऊन तिथे जाऊन बसले असते.

पाण्यात पाय टाकला आणि थंडी थेट मस्तकात गेली. मध्यावर एक गोटा पायाखालून सरकला, माझी चप्पल निघाली आणि पाण्यावर नाचत गेली. मला हसू आलं. "गेली डिंभ्याला!" असं मी ओरडणार होते. तेवढ्यात माझं लक्ष धर्माबाबांकडे गेलं. ते त्या चपलेकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की माझं हसू ओठांतच मेलं.

खुंटीवरची थापी

धर्माबाबांच्या बायकोने, ठकूबाईंनी, चुलीपाशी बसवून आम्हाला वाढलं. तांदळाची भाकरी, कुरडूची भाजी, आणि खेकड्यांचा रस्सा, असा तिखट की दादाने डोळे पुसत पुसत दोनदा मागून घेतला. आमच्याकडे पाहुण्यांना कोंबडी कापतात. इथे माणूस कंदील घेऊन खेकडे धरायला जातो. ठकूबाई माझ्याच वयाच्या असतील, पण मला "ताई" म्हणत होत्या, आणि मी त्यांना "ताई". दोघींचं वय त्यातच मिटलं.

भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या खाली खुंटीला गवंड्याची थापी आणि ओळंबा. मी फोटोकडे बघितलं, थापीकडे बघितलं, आणि हातातला घास तिथेच राहिला.

"त्यो आमचा नामदेव," ठकूबाई म्हणाल्या. "मंचरला गवंडीकाम करायचा. मागल्या आवणीला भात लावाया सुट्टी काढून येत व्हता. राखन हौसाची व्हती. हौसानं हात वर केला, आन ह्यो निघाला. डोक्याव मीठमिरचीची गोणी व्हती." त्या थांबल्या. "हौसा म्हनती, पट्टा कोरडा व्हता. वाडी म्हनती, तिचं ध्यान तिच्या भातखाचरात व्हतं. काय खरं, म्हाताऱ्याला ठावं."

"म्हाताऱ्याचा तो ओटा..." दादाने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"त्योबी नाम्यानंच बांधला!" त्यांचा आवाज एकदम बदलला. "म्हातारा कलला व्हता पुरात. गेला त्याच सालच्या उन्हाळ्यात नाम्यानं मंचरवरनं शिमिट आनलं, पोरं गोळा केली, पहारी लावून म्हाताऱ्याला उचलला आन वट्ट्याव नीट बसवला. सगळ्या वाडीनं नारळ फोडला. आमच्या पोराचं तेवढंच एक काम ऱ्हायलं वाडीत."

धर्माबाबा उठून बाहेर गेले. जेवण तिथेच संपलं.

हौसाबाई मला त्याच दिवशी दिसली होती, फक्त ती कोण हे तेव्हा कळलं नव्हतं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, तिकडे पडकईने करतात. आज सगळी वाडी माझ्या खाचरात, उद्या सगळी तुझ्या. पैसे नाहीत, फक्त हाताला हात. आमच्याकडे बटाटे काढायला मजूर मिळत नाहीत म्हणून लोक डोक्याला हात लावतात, त्यांनी हे बघावं. बायांची ओळ वाकून रोपं लावत होती, गप्पा चालल्या होत्या. आणि ओढ्याजवळच्या एका खाचरात एकटीच एक बाई लावत होती. शेजारच्या खाचरांत पात हिरवी झाली होती. तिचं निम्मं खाचर अजून नुसत्या चिखलाचं होतं. तिला कुणी वाळीत टाकलेलं नाही. बोलतात, विस्तव देतात. पण पडकई तिच्या बांधावर जात नाही, आणि या वर्षी राखण तिचं घर सोडून पुढच्या घराकडे गेली.

वीतभर

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. पट्टी बसवायला दादाने वाडीकडच्या काठावरचा कातळ निवडला, म्हाताऱ्यापासून चार पावलांवरचा. शेवाळ खरवडताना खाली चुन्याची पुसट आडवी रेघ निघाली. धर्माबाबा शेतावर निघाले होते, ते बघून म्हणाले, "ती आज्याच्या टायमाची. म्हाताऱ्याच्या कंबरंच्या सरळीत हितं कातळावबी चुना वढायचे, पल्याडच्याला दिसावं म्हनून. पुढं कुनी वढलाच न्हाई." आणि ते गेले.

दादा खूश झाला. जुनी खूण सापडली म्हणजे त्याचं निम्मं काम झालं. त्याने पिशवीतून पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी भिंतीची सरळी बघायला वापरतात ती. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं. एक टोक मी कातळावरच्या रेघेशी धरलं, दुसरं दादाने म्हाताऱ्याच्या पट्ट्याशी.

"नीट धर," तो म्हणाला.

"नीटच धरलंय."

"मग वर का येत नाही?"

आम्ही पुन्हा धरलं. टोकांची अदलाबदल करून धरलं. म्हाताऱ्याजवळ पाणी चुन्याच्या पट्ट्याच्या वीतभर खालीच थांबत होतं. दादा त्या ओट्याकडे बघत राहिला. मग चिखलातच खाली बसला, दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता.

"शकू, ओटा बांधताना म्हातारा वर उचलला गेला," तो हळू म्हणाला. "त्याच्याबरोबर त्याची कंबरही."

मला कळायला थोडा वेळ लागला. नामदेव गेला त्या दिवशी म्हाताऱ्याचा पट्टा कोरडाच होता. हौसाबाई खरं बोलत होती. पाणी मात्र माणसाला उचलण्याइतकं चढलेलं होतं, कारण म्हातारा त्याच्या जुन्या जागेवर नव्हताच. वाडीने त्याला मान दिला, चांगल्या ओट्यावर बसवला, नारळ फोडला, आणि तो धोंडा पाणी सांगायचा हे त्या भक्तीत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. ओटा बांधणाऱ्याच्याही नाही.

"वीतभरच ना?" मी उगीच म्हटलं.

"या उतारावर वीतभर म्हणजे पाय टेकतो की सुटतो, एवढं अंतर आहे."

तेवढ्यात मागून ठकूबाई आल्या. हातात कोऱ्या चहाची किटली. "काय घावलं?" त्यांनी विचारलं. नळीचं एक टोक अजून दादाच्या हातात, म्हाताऱ्याच्या पोटाशी होतं.

"काही नाही, ताई. जुनी खूण आहे," दादा म्हणाला. आयुष्यभर पाण्याचे आकडे खरे लिहिणारा माणूस; त्याला धड खोटंही बोलता येईना. ठकूबाईंनी नळीकडे बघितलं, कातळावरच्या रेघेकडे बघितलं. मग चहा ओतला आणि निघून गेल्या.

दादाने लगेच सीतारामला गाठून सांगितलं, पट्टी बसेपर्यंत आजपासून पट्ट्याच्या वीतभर आधीच अडवायचं. सीतारामने का म्हणून विचारलं. दादा म्हणाला, माझं ऐका. तेवढ्यात पाऊस उतरला, असा की समोरचा डोंगर पुसला गेला. दादाला पलीकडच्या जीपमधलं खडकाला भोकं पाडायचं यंत्र आणायचं होतं. सीतारामने दोन्ही हात आडवे केले.

"पावणं, आता न्हाई."

"अहो, मीच तर सांगितलं तुम्हाला!"

"मंग तुमीच ऐका," सीताराम म्हणाला. आणि आम्हाला स्वतःच्या घरी घेऊन गेला. ज्याने अडवलं त्याने जेवू घालायचं, हाही राखणीचाच नेम. अडवलेला माणूस उपाशी बसत नाही आणि अडवणाऱ्यावर डूख धरत नाही. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन आम्ही बाहेर पडलो, आणि पडवीतच भांडलो.

"पट्टी बसली की काम झालं," दादा म्हणाला. "पुढे कुणी जाणार नाही. मग त्या आईबापांना काय म्हणून सांगायचं? तुमच्या पोराने स्वतःच्या हाताने..." त्याला ते वाक्य पुरं करवेना.

"आणि हौसाबाई? तिने जन्मभर वाहायचं हे?"

"आपण परवा जाऊ, शकू. त्यांना एकाच वाडीत राहायचंय."

मला त्याचा राग आला. रागाने मी एकटीच हौसाबाईच्या खाचराकडे गेले, उसनी चप्पल फटक फटक वाजवत. पाऊस कमी झाला होता. ती वाकलेलीच होती. मी पेठची, पट्टी बसवायला आलेल्या माणसाची बहीण, असं सांगितलं. तिने मान वर केली. चाळिशीची असेल. डोळे खोल गेलेले.

"पट्टी लई चांगली," ती म्हणाली. "रंग खोटं बोलत न्हाई."

"त्या दिवशी तुम्ही म्हाताऱ्याचा पट्टा..."

"कोरडा व्हता, ताई. मी सोता बगितला." मग हातातली रोपं तिने खाली ठेवली. "पन वरीस झालं, सगळी म्हनत्यात, न्हाई. आता माजाच माज्या डोळ्याव इस्वास ऱ्हायला न्हाई. कोरडा बगितला, का कोरडा आसंल आसं वाटलं? रातच्याला तेच धरून बसती मी. पोरगी इचारती, आये, भात शिजला का बग. मी तिलाच म्हनती, तूच बग."

माझी जीभ लांब. पण त्या बांधावर ती आवरावी लागली. तुझे डोळे खरे आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण ते आधी मी सांगितलं, आणि नामदेवची आई मागून तिसऱ्याच्या तोंडून ऐकेल, तर? मी तिच्याबरोबर चिखलात उतरले आणि रोपं लावू लागले. मला ते येत नाही. माझी ओळ बघून ती पहिल्यांदा हसली, आणि माझी सगळी रोपं उपटून पुन्हा लावत गेली.

ठकूबाईंनी विचारलं

सकाळी उठले तर धर्माबाबा घरात नव्हते. पाऊस थांबून थांबून येत होता. मी आणि दादा ओढ्यावर गेलो. पाणी गढूळ झालं होतं, म्हाताऱ्याच्या पायाला लागलं होतं. धर्माबाबा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले होते, हातात चुन्याचं मडकं. जुन्या पट्ट्याच्या वीतभर खाली त्यांनी बोटांनी नवा पट्टा ओढला होता. वरचा पुसला नव्हता. बोटं पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून फिरत होती.

दादा त्यांच्याशेजारी बसला.

"तिनं सांगितलं मला," धर्माबाबा म्हणाले. "कालच कळलं तिला. वाळू तिनंच वाहिली व्हती, भाऊ. घमेल्यानं. पोराला म्हनली, जरा उच्च बांद, म्हातारा शोभला पायजे."

मला तिथे उभं राहवेना. दादाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान फिरवली. मी त्याला रडताना कधी बघितलेलं नाही.

त्या दिवशी पडकई सीतारामच्या खाचरात होती. हौसाबाईचं खाचर त्याला लागूनच. पाऊस वाढला, आणि बघता बघता पाणी म्हाताऱ्याच्या पायांवरून मांड्यांकडे चढलं. तेव्हा ठकूबाई घरातून निघाल्या. अंगावर धुवट लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. राखणीला बसलेल्या सीतारामने बघितलं, उठून उभा राहिला. त्या त्याच्याकडे न बघता पुढे गेल्या आणि हौसाबाईच्या बांधावर थांबल्या.

बायांच्या ओळीतल्या गप्पा बंद झाल्या.

"आयाबायांनो, ऐका," ठकूबाई म्हणाल्या. आवाज सगळ्या खाचरांत पोचेल एवढा होता. "वट्टा बांदला तवा म्हातारा वर आला. पट्टा कोरडा व्हता. हौसा खरी व्हती. माज्या नाम्यानं म्हाताऱ्याला वर बसवला, आन वाळू मी वाहिली. हौसाला कुनी बोल लावू नगा."

पाऊस रोपांवर वाजत होता. हौसाबाई वाकलेली होती ती तशीच राहिली, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात.

मग ठकूबाई तिच्याकडे वळल्या.

"हौसा," त्यांनी विचारलं, "जाऊ का पल्याड?"

राखण सीतारामची होती. विचारायचं तर त्याला विचारायचं. पण सीताराम खाली बसला, आणि त्याने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, जणू तो तिथे नव्हताच.

हौसाबाई सरळ झाली. चिखलाचे हात तसेच लोंबते ठेवून ती ओढ्याशी आली. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं, दोन्ही पट्ट्यांकडे. मग वरच्या अंगाला, जिथून पाणी येत होतं तिकडे. मग पुन्हा म्हाताऱ्याकडे. इतका वेळ बघत होती की मला वाटलं, हिला आता उत्तर देता येणारच नाही. खालचा पट्टा अजून कोरडा होता, पण पाणी त्याच्याकडे चढत होतं.

"नगं," ती म्हणाली. पाण्याच्या आवाजात ते पोचलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "नगं, मामी. चढतंय पानी. थांबा."

"थांबते," ठकूबाई म्हणाल्या.

आणि अडवलेल्या माणसाने जावं तशा त्या हौसाबाईच्या घरी गेल्या. आम्ही पडवीत उभे राहिलो. आत चूल पेटल्याचा धूर आला, भाकरी थापल्याचा आवाज आला. दारातून मला दिसलं, हौसाबाईची पोरगी ताट मांडत होती आणि हौसाबाई तव्यावरची भाकरी वाकून निरखत होती, झाली की नाही. तिने ती उलटली. कुणाला विचारलं नाही. ठकूबाईंनी भाकरी मोडली आणि खाल्ली, सावकाश, सगळी. बाहेर पडकईतल्या दोन बाया सीतारामचं खाचर सोडून हौसाबाईच्या चिखलात उतरल्या होत्या. मग आणखी दोन उतरल्या.

दादाची पट्टी दुसऱ्या दिवशी बसली. तिचा तांबडा रंग नव्या पट्ट्याच्या सरळीत सुरू होतो. म्हातारा उन्हाळ्यात खाली उतरवायचा असं ठरलंय, आणि ओटा फोडायची पहिली पहार आपणच मारणार, असं धर्माबाबा म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. पाऊस थांबला, ओढा हळूहळू उतरला, म्हाताऱ्याच्या मांड्या उघड्या पडल्या. हौसाबाई जाऊन बघून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मामी, उतरलं पानी. जावा आता."

ठकूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मला कुठं जायाचं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या.